बाबांच्या गाडीची धाकटी बॅटरी

पील,
२० फेब्रुवारी २०११

चि. फिनलो यास,

अ. उ. आ. (थोरली आहे म्हणून आशीर्वाद देते. तुझी लायकी बघून द्यायचे असते तर हा कागद कोराच आला असता.)

फोन का उचलत नाही म्हणून विचारलंस. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, कागदाला तसं करता येत नाही, म्हणून. आता नीट बस आणि वाच.

बाबांची बीएसए समुद्रापलीकडच्या त्या संग्रहालयाला द्यायची, हे तू ठरवलंस. तिथल्या गृहस्थांशी बोललास, न्यायला टेम्पो कधी येईल तेही विचारून ठेवलंस, आणि सगळं झाल्यावर मला कळवलंस. वा रे वा! मोटरसायकल बाबांनी दोघांच्या नावे ठेवली आहे. तुझी निम्मी कुठली, मागचं चाक? ते सोडवून पोस्टानं पाठवू का? पुढे दोरी बांधून ‘हात लावू नका’ अशी पाटी लावायला ती काय भुसा भरलेला पक्षी आहे? तिच्यात अजून जीव आहे. माझ्यातही आहे, कुणी विचारलं तर सांग.

तुझी काळजी कळते मला. ऑक्टोबरात धक्क्याच्या पायऱ्यांवर घसरून मी मनगट मोडून घेतलं, ते अजून म्हणावं तसं वळत नाही. त्यात परवा शेडमध्ये गेले तर बॅटरी ठार झालेली, बाजूनं फुगून आलेली, आणि वर त्या लांबशेपट्यानं तिच्या तारा कुरतडून ठेवलेल्या. म्हणजे नवी घेणं आलंच. आणि नवी म्हटली की आली ती काळ्या रबरी खोक्यातली धोंड, आत अॅसिड हिंदकळतंय, शेडमध्ये वीज नाही, म्हणून उचलून गल्लीचा चढ चढून स्वयंपाकघरात आणायची, चार्ज करायची आणि परत खाली न्यायची.

बाबांचा नियम तू पत्रात मोठ्या अक्षरांत लिहिलास, जसा काही मी विसरले असेन. ज्याला आपली बॅटरी आपण घरी आणता येते आणि परत नेऊन बसवता येते, त्यानंच गाडी चालवायची. अरे, सोळाव्या वर्षी त्या नियमापायी माझ्या नव्या स्कर्टला अॅसिडनं भोकं पडली होती. आई बडबड बडबड बडबडली. पण बॅटरी मी आणली आणि गाडी चालवली. आणि सत्तरीत बाबा ती एका काखेत मारून, शीळ घालत चढ चढायचे, हे अख्ख्या धक्क्यानं पाहिलंय. ते सगळं मान्य.

मला ती धोंड आता उचलत नाही. हे मी माझ्या सहीनं लिहून देते. पण किक पायानं मारतात, मनगटानं नाही, आणि क्लच मी दाबून पाहिला, दबतो. तेव्हा मी लहान बॅटरी बसवणार. ठरलं. नाकापेक्षा मोती जड कशाला हवा?

किपरचा, आपल्या धुरावलेल्या हेरिंग माशांचा जोड सोबत पाठवला आहे. तुझ्या बायकोला, डॅफ्नीला म्हणावं खिडकी उघडून शिजव. माया आहेच, तिला अजून तरी चार्जर लागत नाही.

तुझी थोरली,
ब्रीशा


प्रेस्टन,
१ मार्च २०११

ती. थोरलीस,

शि. सा. न. वि. वि. किपर पोचले, घरभर दरवळले. डॅफ्नीनं नाक मुरडत दोन खाल्ले.

तुझं पत्र वाचून हसलो, मग हसू मावळलं. ब्रीशा, तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस. एक दिवस फोन वाजेल, पलीकडून कुणी हवालदार तुझं नाव विचारेल, आणि मी इथे समुद्राच्या या बाजूला रिसीव्हर धरून बसेन. मला तो फोन नको आहे. संग्रहालयातले गृहस्थ भले आहेत, दालन कोरडं आहे, गाडीचं तेल वर्षातून एकदा बदलतात. तुझ्या शेडमध्ये काय आहे? ओल, आणि तारा खाणारे उंदीर.

आता बॅटरीचं. मी चाळीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या काउंटरमागे उभा होतो, तेव्हा मला शिकवू नकोस. इंजिन मॅग्नेटोवर चालतं, त्याला बॅटरी नसली तरी चालते, हे खरं. पण दिवा आणि हॉर्न? आणि बॅटरी काढून टाकलीस तर डायनॅमोचा सगळा जोर बल्बांवर येऊन ते उडतील. पिटुकली लावलीस तर जुना रेग्युलेटर तिला भरभरून पाजेल आणि ती आतल्या आत उकळून मरेल. तुझा तो बाबांच्या काळचा चार्जर तर तिला एका रात्रीत शिजवेल. ती बॅटरी एवढी मोठी घडवली, ती काय उगाच?

तरी मी वाईट माणूस नाही. एक मे रोजी जुन्या गाड्यांची फेरी आहे, कॅसलटाउन ते पील. बाबांच्या नियमानं, बॅटरी स्वतःच्या हातानं घरातून शेडमध्ये नेऊन, स्वतः बसवून, तू ती फेरी पूर्ण केलीस, तर माझी निम्मी गाडी तुझ्या नावे लिहून देतो आणि पुन्हा चकार शब्द काढत नाही. नाही जमलं, तर पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल आणि तू आडवं यायचं नाही. मला स्वतःला यायला जमणार नाही. इथे कामं आहेत, आणि हल्ली मला बोट लागते.

रागावलीस तरी लोभ राहू दे, दुसरा कोण आहे मला ओरडायला.

तुझा धाकटा,
फिनलो


पील,
९ मार्च २०११

चि. फिनलो यास,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत. तू तो शब्द लिहिलास, तारा खाणाऱ्याचं खरं नाव, ज्यानं अपशकुन होतो! कागदावर! शाईनं! वाचताक्षणी मी पत्र टेबलावर टाकलं, लाकडाला हात लावला, दारात जाऊन शीळ घातली. शेजारच्या मिसेस किनव्हिगनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, भाऊ पार पलीकडचा झाला. त्यांनी मान हलवली, जसं काही कुणी वारलं. या बेटावर जन्मून, मासेमारीच्या होड्यांवर वाढून तुला ‘लांबशेपट्या’ म्हणता येत नाही? बाबांनी मुस्काटात दिली असती.

असो. करार मान्य. एक मे. माझी सही समज.

आता ऐक, मी काय उद्योग केले. पहिल्यांदा चोरघंटा बसवणाऱ्याकडून एक सहा व्होल्टची घेतली, काडेपेटीच्या दोन पुड्यांएवढी. गोंडस होती. लावली, हॉर्न दाबला, तर सर्दी झालेल्या मेंढीसारखा आवाज आला. दिवा लावला की अंधार जास्त दिसायला लागला. तू हसशील म्हणून सांगणार नव्हते, पण खरं ते खरं. ती परत केली.

मग डग्लसला मोठ्या दुकानात गेले. तिथला पोरगेला बाप्या मला बारा व्होल्टची विकायला निघाला. मी म्हटलं सहा. तो म्हणाला हल्ली सगळं बारा असतं. मी म्हटलं हल्लीचं मी काही विचारलेलं नाही. शेवटी मागून एक निघाली, सहा व्होल्टची, पूर्ण बंद, पाण्याची कटकट नाही, आडवी ठेवली तरी थेंब सांडत नाही. अर्ध्या पावाएवढी. त्यानं मला समजावलं की मायनस सांगाड्याला जोडा. मी म्हटलं, बाळा, या गाडीला प्लस सांगाड्याला जातो, तू मोबाइल विक. पोरगं हसलं आणि शंभरदा माफी मागितली, चांगला आहे स्वभावानं.

घरी आणून ती आपल्या किपरच्या दुकानातल्या जुन्या तराजूवर ठेवली. किपरचे दोन जोड पुरते भरले नाहीत! मोडक्या मनगटानं उचलली, चढ उतरले, शेडमध्ये नेली, खाली रबराचा तुकडा घालून पट्ट्यानं आवळली. बसली, जशी काही तिथेच जन्मली. तुझा रेग्युलेटर उकळवणार होता ना? तो काढला, नवा इलेक्ट्रॉनिक लावला. बल्ब कमी खाणारे बसवले. चार्जरही छोटा आणला. आणि हॉर्न! फिनलो, धक्क्यावरचे सगळे समुद्रपक्षी एकदम उठले. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

क्लबला पत्र टाकून नाव घालते. आणि हे काय नवीन, तुला बोट लागते? तू? पोटात अन्न नसताना वादळात ट्रॉलरवर झोपणारा तू? दोन वर्षं झाली आला नाहीस. काय ते एकदा सरळ सांग.

लाकडाला हात लावलास की मगच माझा लोभ पोचेल.

ब्रीशा


जुनी वाहने मंडळ,
कॅसलटाउन,
२२ मार्च २०११

श्रीमती ब्रीशा स्किलिकॉर्न यांना,

स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आपले वडील कै. इलियम स्किलिकॉर्न यांची वाहन क्र. ७ असलेली १९५३ सालची बीएसए फेरीत पुन्हा दिसणार याचा मंडळास आनंद आहे.

आपण प्रामाणिकपणे कळवले आहे की वाहनास लहान आकाराची आधुनिक बॅटरी बसवली आहे. या संदर्भात मंडळाचा नियम असा, की वाहनाचे रूप मूळ असावे, अर्थात त्या जागी काळे रबरी खोके दिसले पाहिजे. त्या खोक्याच्या आत काय आहे हे झाकण उघडून पाहण्याचा मंडळाचा प्रघात नाही व पुढेही राहणार नाही. अनेक सभासद जुने खोके पोखरून घेतात. आपण सुज्ञ आहात.

उघडी आधुनिक बॅटरी असलेल्या वाहनास मात्र क्रमांकाची पाटी देता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. आपल्या घरच्या किपरचा मंडळास कधीही विसर पडलेला नाही.

आपला,
लो. फॅरगर, चिटणीस


पील,
३ एप्रिल २०११

चि. फिनलो यास,

अ. उ. आ. खरेखुरे, या वेळी चेष्टा नाही. खुर्चीवर बस.

फॅरगरचं पत्र सोबत जोडलं आहे, वाच. त्याचा अर्थ एवढाच की फसवा, पण नीटनेटकं फसवा. मी आधी तणतणले. मग म्हटलं, एवढं काय, पोखरू एक खोकं. शेडच्या वरच्या फळीवर बाबांची शेवटची बॅटरी होतीच. आठवतं ना, गाडी चालवायची थांबवली त्या शरदात त्यांनी स्वतःच ती काढून वर ठेवली. पुढच्या वसंतात मी नवी आणली. बाबांनी ठेवलेली वस्तू म्हणून मी तिला इतक्या वर्षांत हातही लावला नाही, खालूनच धूळ पुसली.

धोंड उचलायची म्हणून स्टुलावर चढून, पाय रोवून, श्वास धरून दोन्ही हात लावले आणि मागच्या मागे पडता पडता वाचले. फिनलो, ते खोकं हलकं होतं. वाऱ्यानं उडेल असं हलकं.

वरचं डांबर सुरीनं कापलं. आतून कोरून स्वच्छ केलेलं. मध्ये मोपेडची एक चिमुकली बॅटरी, आपल्या दुकानाच्या खाकी कागदात गुंडाळलेली, आणि ती हलू नये म्हणून चहूबाजूंनी जाळ्याच्या दोऱ्यांचे गोळे ठासलेले. जाळ्याची गाठ मी कुठेही ओळखेन. ती बाबांची होती.

म्हणजे सत्तरीत काखेत मारून शीळ घालत जो माणूस चढ चढायचा, त्याच्या काखेत एक रिकामं खोकं होतं.

आधी मी खो खो हसले. मग स्टुलावर बसून रडले. आणि मग जो संताप आला म्हणतोस! त्यांच्या शेवटच्या वर्षांत एकदा पावसात चढावर भेटले, तर मी म्हटलं, द्या इकडे, मी नेते. ते माझ्यावर असे खेकसले, आणि आठवडाभर बोलले नाहीत. मला वाटायचं, मी त्यांचा मान दुखावला. आता कळलं. माझ्या हातात खोकं आलं असतं तर मला कळलं असतं. चहाचा पेला ते दोन्ही हातांनी धरायचे, आठवतं? आपण म्हणायचो, थंडी वाजते म्हणून. हात थरथरत होते त्यांचे, आणि घरात दोन मोठी माणसं असून एकालाही त्यांनी सांगितलं नाही.

कुणाला बोलले नाही अजून. तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

ब्रीशा


प्रेस्टन,
११ एप्रिल २०११

ती. थोरलीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. डॅफ्नीला वाचून दाखवलं नाही, पहिल्यांदाच.

मला विश्वास बसत नाही असं लिहिणार होतो, पण बसतो. का ते विचारू नकोस.

ब्रीशा, हे बाहेर जाऊ देऊ नकोस. त्यांच्या अंत्यविधीला पाद्र्यानं तीच गोष्ट सांगितली होती, की सत्तरीतला इलियम स्किलिकॉर्न बॅटरी काखेत घेऊन चढ चढायचा. पीलमधली माणसं अजून ती आपल्या नातवंडांना सांगतात. बाबांचं दुसरं काय उरलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर आता मी काय म्हणतो ते शांतपणे ऐक. तुझी धाकटी बॅटरी बाबांच्याच खोक्यात घाल. वरून झाकण लाव. फॅरगर खूश, मंडळ खूश, बाबांचा नियमही पाळला गेला, कारण बॅटरी तूच उचलणार आहेस. एवढं कर आणि गाडी तुझी. कागद तयार ठेवतो, फेरीच्याही आधी सही करतो हवं तर. तू जिंकलीस, बस, झाकण तेवढं लाव.

पण तू ती उघड्यावर मिरवत गेलीस तर लोक विचारणार, जुनं खोकं कुठंय, आणि एकातून एक निघत जाणार. मग मात्र मी टेम्पोवाल्याला फोन करेन. खरंच करेन. हा हट्टाचा विषय नाही, बाबांचा आहे.

मोठेपणा दाखव, तुला जमतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

फिनलो


पील,
१९ एप्रिल २०११

चि. फिनलो,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून झोप उडाली नाही, उलट छान लागली, कारण वाचता वाचताच माझं ठरलं.

झाकण लावणार नाही.

बाबांचं गुपित मी कुणाला सांगणार नाही. ते त्यांचं आहे, खोकं फळीवर परत ठेवलंय, वरून डांबर ओतून. पीलमधल्या आज्या त्यांची गोष्ट खुशाल सांगोत. कुणी मला विचारलंच, तर मी माझं मनगट दाखवीन. पण माझी बॅटरी माझी आहे आणि ती मी चोरीच्या मालासारखी दडवणार नाही. मनगट मोडलं यात मी कुणाचं काय चोरलं रे? म्हातारी झाले, तर काय गुन्हा केला? गाडी चालवता येते ना? मग हात हलका झाला म्हणून मान खाली का घालायची?

बाबांना लाज कशाची वाटत होती, याचा विचार केलास? नियम त्यांचाच. पण त्यांना त्या नियमाला बांधून घातलं आपण. सारखं कौतुक, सारखी ती शीळ, सारखं ‘आमचे बाबा बघा’. त्या कौतुकाखाली तो माणूस रात्री बसून एकटा खोकं पोखरत होता. एका शब्दानं म्हणाले असते की पोरांनो, जमत नाही आता, तर मी त्यांना उचलून गाडीवर बसवलं असतं. त्यांनी म्हटलं नाही, आणि आपण म्हणू दिलं नाही. ती चूक मी पुढे चालवणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे आपल्या घरचं खरं, पण या पिळाचा आता मला कंटाळा आलाय.

तेव्हा बोलाव तुझा टेम्पो. गाडी तुझ्या उपकारानं, झाकणाखाली मिळणार असेल, तर मला नको. एक तारखेला मी उघडी बॅटरी घेऊन कॅसलटाउनला हजर असेन. पाटी न देता फॅरगर मला अडवणार असेल, तर रस्ता काही त्याच्या आजोबांनी बांधलेला नाही.

आणि तुझ्या पत्रातलं ते वाक्य. विश्वास बसतो, का ते विचारू नकोस. विचारते. का?

तुझी,
ब्रीशा


पील,
२ मे २०११

चि. फिनलो,

अ. उ. आ. जिवंत आहे. तुझा हवालदार फोन करणार नाही.

तीस तारखेला संध्याकाळी, मेच्या आदल्या रात्री करतात तसं, इडापिडा टळावी म्हणून मी दारात पिवळी फुलं पसरली आणि रोवन झाडाच्या काड्यांचा क्रूस करून लोकरीनं हँडलला बांधला. सकाळी बॅटरी स्वयंपाकघरातून उचलली, गल्लीतून खाली नेली, बसवली. मिसेस किनव्हिग खिडकीतून बघत होत्या. एका हातात नेली, शीळ घालत. खरीखुरी शीळ, फिनलो. तिसऱ्या किकला इंजिन लागलं.

कॅसलटाउनला चौकात सगळे जमलेले. फॅरगर वही घेऊन आला, खाली वाकला, बॅटरी बघितली, तिच्यावरचं कारखान्याचं चकचकीत लेबल बघितलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हळू आवाजात म्हणाला, की एखादं खोकं त्याच्या गाडीत जादा पडलंय, हवं तर तात्पुरतं वरून अडकवू. मी मोठ्या आवाजात आभार मानले आणि म्हटलं, नको, तिला उकडेल. दोघं-तिघं हसले. तो म्हणाला मग पाटी नाही. मी म्हटलं, माझं नाव सगळ्यांना माहीत आहे, आकड्याची गरज नाही.

सगळे सुटले, आणि मी शेवटची, पाटीशिवाय, त्यांच्या मागे. कुणी अडवलं नाही. बॅलासालापर्यंत जरा अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण मग इंजिन तापलं, वारा लागला आणि अपमान मागे पडला. पऱ्यांच्या पुलापाशी बाबा घ्यायचे तसं वळण घेतलं. सगळे तिथे हळू होतात आणि ‘त्या मंडळींना’ नमस्कार करून पुढे सरकतात, कुणी टोपीला हात लावून, कुणी पुटपुटून. मी बाबांसारखा हॉर्न वाजवला. लांब! पुलाखालची मंडळी नक्की दचकली असणार. भिंतीमागे बघ्यांत एक म्हातारा काठी टेकून उभा होता, बिचाऱ्याला वाटलं मी त्यालाच वाजवला, त्यानं टोपी काढली. मीही मान लववली. कुणाचा का असेना, नमस्कार परत करावा.

डग्लसच्या पुढे चहाला थांबलो. तिथे रॅमसेच्या त्या उंच माणसानं, नाव विसरले, आपल्या गाडीचं काळं झाकण सगळ्यांसमोर काढलं आणि खिशात घातलं. आत माझ्यासारखीच, हिरव्या रंगाची.  दुसऱ्या कुणी झाकण काढलं नाही, आणि फॅरगर पीलपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोनं मात्र मी घरी भाजलेल्या बॉनग पावाच्या दोन जाड फोडी लोणी लावून खाल्ल्या.

फेरी पूर्ण केली. करार तुझा होता. झाकण लावलं नाही, तीही अट तुझीच होती. आता तू काय ते कर. टेम्पो आला तर शेडच्या दारात खुर्ची टाकून मी बसलेली असेन. सोबत विणकाम आहे, घाई नाही.

लोभ आहे. असायला हवाच, नाही तर एवढं कोण लिहितं.

ब्रीशा


बोटीवर,
२ मे २०११

ती. थोरलीस,

शि. सा. न. वि. वि.

तू कालची सगळी हकीकत मला लिहिली असशील, ते पत्र प्रेस्टनला माझ्या दाराशी पडेल. त्याची वाट बघत नाही. मला ठाऊक आहे काय झालं. मी तिथे होतो.

शनिवारी आलो, डग्लसला खोली घेतली, तुला कळवलं नाही. पुलापाशी भिंतीमागे उभा होतो. एकामागून एक सगळ्या गाड्या गेल्या, काळी खोकी, पितळी पाट्या. मग बराच वेळ कुणी नाही. वाटलं, हिनं माघार घेतली, किंवा पडली.  आणि मग तो आवाज आला, बाबांच्या गाडीचा, मी तो कुठेही ओळखेन. तू वळणावरून आलीस. तुझी ती उघडी बॅटरी उन्हात चमकत होती, आणि तू अशी बसली होतीस, जसा काही रस्ताच तुझ्या नावावर आहे. तू हॉर्न वाजवलास. मला वाटलं, मला ओळखलंस. मी टोपी काढली, तू मान लववलीस. मग कळलं, तू ओळखलं नव्हतंस. ओळखणार तरी कशी? मी काठी टेकून उभा होतो ना.

विचारलं होतंस, का. हे त्याचं उत्तर. दोन हिवाळे झाले, डाव्या पायात जोर उरलेला नाही. मज्जातंतूंचं काही आहे, बरं होणारं नाही, वाढणारं आहे. बोट मला आयुष्यात कधी लागली नाही, लाकडाला हात लावून सांगतो. बोटीच्या जिन्यावर तू मला काठीसकट बघशील, याचीच धास्ती होती. डॅफ्नीला ताकीद दिली होती की फोन आला तर सांग, बागेत काम करतोय. बागेत मी खुर्चीवर बसलेला असतो. तू आपला धाकटा भाऊ ट्रॉलरवर झोपणारा समजत राहा, असं वाटायचं. बाबांनी खोकं पोखरलं, मी पत्रं पोखरली.

भिंतीमागून मी तुला हाक मारू शकलो असतो. नाही मारली. तू गेल्यावर तिथेच उभा राहून मी लहान मुलासारखा रडलो, आणि शेजारच्या एका बाईनं मला पेपरमिंट दिलं.

सही केलेला कागद सोबत आहे. गाडी तुझी, दोन्ही चाकं. संग्रहालयाला कळवतो की बीएसए येत नाही, ती कामात आहे. शेडच्या तारांना मात्र जाळी लाव, त्या लांबशेपट्याचा भरवसा नाही.

ऑगस्टमध्ये येतो. डॅफ्नीसह, दिवसाउजेडी, जिन्यावरून, सगळ्यांच्या समोर. मला पुलापर्यंत घेऊन जाशील का? मागच्या सीटवर बसेन. घट्ट धरेन आणि तुला गाडी कशी चालवायची हे एकदाही सांगणार नाही.

लोभ वाढू दे, मी तो आता उघड्यावर ठेवीन.

तुझा धाकटा,
फिनलो

ता. क. काठी गाडीला कुठे बांधता येईल ते बघून ठेव. वरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी.